खाऱ्या सरोवराकाठची मतं

सॉल्ट लेक सिटीत पत्ता चुकणं कठीण. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या युटा राज्याची ही राजधानी. शहराच्या मध्यभागी मॉर्मन पंथाचं मोठं मंदिर आहे आणि सगळे रस्ते त्या मंदिराच्या आवाराच्या कोपऱ्यापासून मोजलेले आहेत. ‘३०० पूर्व, ४०० दक्षिण’ असा पत्ता दिसला, की मंदिरापासून पूर्वेला तीन चौक आणि दक्षिणेला चार चौक जायचं, घर सापडलंच. रस्तेही कसले रुंद, चांगले १३२ फूट! बैलांच्या जोड्या जुंपलेली लांबलचक गाडी अडचण न होता वळवता यावी म्हणून हे असे आखले, असं तिथं सांगतात. पूर्वेला वॉसॅचचे उंच डोंगर, वायव्येला ते प्रसिद्ध खारं सरोवर, आणि मधल्या पठारावर हे नीटनेटकं शहर.

माझा मुलगा याच शहराच्या दक्षिणेला सँडी नावाच्या उपनगरात राहतो. सून धारवाडची. त्यामुळे घरात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा सुखानं नांदतात. नात मलाही ‘अज्जी’ म्हणते आणि धारवाडच्या आजीलाही ‘अज्जी’च. फोन वाजला आणि तिनं ‘अज्जी!’ म्हणून हाक मारली, की कुठल्या अज्जीचं काय काम आहे ते कळेपर्यंत दोघी गोंधळात.

२०२४च्या सप्टेंबरात मी तिकडे गेले ती नोव्हेंबरअखेरपर्यंत राहिले. बेळगावात एकतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवड कशी होते, हे फळ्यावर आकृत्या काढून कितीदा समजावलं असेल! आता ती निवडणूक डोळ्यांनी पाहायला मिळणार, म्हणून मी मोठ्या उत्साहात होते.

पण पाहते तर काय, सगळीकडे शांतता! ना रिक्षावरचा भोंगा, ना मिरवणूक, ना कोपरासभा. काही घरांपुढच्या हिरवळीवर उमेदवाराच्या नावाची छोटी पाटी रोवलेली, बस्स. मुलगा म्हणाला, ‘‘आई, इथं कशाला कोण येईल प्रचाराला? निकाल सगळ्यांना आधीच माहीत आहे.’’

त्याचं खरं होतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडणारी एकूण ५३८ निर्वाचक मतं आहेत. त्यातली युटाची फक्त सहा. राज्यात ज्याला जास्त मतं, त्याला ही सहाच्या सहा मिळतात. आणि १९६८पासून आजवरच्या प्रत्येक निवडणुकीत ती रिपब्लिकन पक्षाच्या पदरात पडली आहेत. जिथं निकाल ठरलेला, तिथं उमेदवार वेळ कशाला घालवेल? मग मला प्रश्न पडला, की लाखो माणसांचं मत असं पिढ्यान्‌पिढ्या ठरून कसं जातं? तीन महिने मी याच प्रश्नाच्या मागे होते म्हणा ना.

वॉर्ड नावाची गोष्ट

आपल्याकडे वॉर्ड म्हटलं की नगरसेवक, गटार आणि नळाचं पाणी आठवतं. युटात वॉर्ड म्हणजे मॉर्मन पंथाची स्थानिक मंडळी. या पंथाचं पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस ख्राईस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८पासून त्यांच्या प्रमुखांनी हेच पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे, पण आपल्याकडे त्यांना मॉर्मन म्हणूनच ओळखतात, म्हणून मीही तेच लिहिते.

तर या वॉर्डाची गंमत अशी, की तुम्ही कुठल्या चर्चला जायचं हे तुमच्या मनावर नसतं, तुमच्या पत्त्यावर असतं. ठरावीक गल्ल्यांतली माणसं एका वॉर्डात. त्यांचा प्रमुख ‘बिशप’, पण तो पगारी धर्मगुरू नव्हे. कुणी दातांचा डॉक्टर असतो, कुणी हिशेबनीस. नोकरी-धंदा सांभाळून काही वर्षं हे काम विनावेतन करायचं आणि मग दुसऱ्याच्या हाती द्यायचं. कुणाच्या घरी बाळंतपण झालं, कुणी आजारी पडलं, की वॉर्डातून जेवणाचे डबे सुरू. मुलगा सँडीला राहायला आला तेव्हा तो त्यांच्या पंथाचा नसूनही सामान उतरवायला चार घरची माणसं हजर होती, असं सून अजून कौतुकानं सांगते.

आता विचार करा. रविवारी जी माणसं शेजारच्या बाकावर, तीच सोमवारी कुंपणापलीकडे, त्यांचीच मुलं आपल्या मुलांच्या वर्गात. आनंदात तीच, अडचणीत तीच. अशा ठिकाणी माणसाचं मत एकट्याचं कसं राहील? वॉर्डात कुणी कुणाला ‘याला मत दे’ असं सांगत नाही. उलट कुठल्याही पक्षाचा प्रचार चर्चच्या आवारात करायचा नाही असा नियम आहे, आणि निवडणुका आल्या की वरून पत्र येतं, की आपल्या शिकवणीशी जुळणारी तत्त्वं वेगवेगळ्या पक्षांत सापडू शकतात, तेव्हा स्वतः विचार करून मत द्या. ते पत्र सगळ्यांसमोर वाचलंही जातं. तरीही वारं एकाच दिशेनं वाहतं. सांगावं लागत नाही, ते हवेतच असतं.

आमच्या शेजारी एक वृद्ध जोडपं राहतं. आजोबा ऐंशीचे, बिंगहॅमच्या तांब्याच्या खाणीत आयुष्य काढलेले. आजी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे आपल्या बेळगावचा कुंदा घेऊन गेले. कुंदा फारच आवडला. परतभेटीला ती दोघं आमच्याकडे आली आणि मी सवयीनं चहाचं आधण ठेवायला उठले, तर सुनेनं हळूच सांगितलं, ‘‘अत्ते, त्यांना चहा-कॉफी चालत नाही, पंथात वर्ज्य आहे.’’ पाहुण्याला चहा न विचारता बसवायचं म्हणजे बेळगावच्या बाईची केवढी पंचाईत! शेवटी सोबत नेलेलं कोकम कामाला आलं. त्या सरबतावर आमची मैत्री जमली.

सत्तर किलोमीटरमधला फरक

एका शनिवारी आम्ही गाडीनं दक्षिणेला निघालो. सॉल्ट लेक सिटी ते प्रोव्हो हे अंतर साधारण सत्तर किलोमीटर. डोंगर तेच, दुकानं तीच, घरंही तशीच. पण मतांचा नकाशा वाटेत बदलतो.

सॉल्ट लेक शहरात विद्यापीठ आहे, बाहेरून आलेली माणसं खूप आहेत. तिथं १९७६पासून महापौर डेमोक्रॅटिक पक्षाच्या विचारांचेच निवडून येतात. सॉल्ट लेक परगण्यात २०२०ला बायडेन आणि २०२४ला कमला हॅरिस पुढे होत्या. म्हणजे मंदिर ज्या शहरात, ते शहर मंदिराच्या माणसांपेक्षा वेगळं मत देतं! प्रोव्होला पंथाचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. त्या परगण्यात २०१२ला मिट रॉम्नींना सुमारे ८८ टक्के मतं पडली होती. रॉम्नी स्वतः मॉर्मन आणि याच विद्यापीठाचे पदवीधर.

प्रोव्होच्या पुढे स्पॅनिश फोर्क नावाचं गाव आहे आणि तिथल्या टेकाडावर चक्क राधा-कृष्णाचं देऊळ! पांढरंशुभ्र, घुमटाचं. दर वसंतात तिथं होळीचा रंगोत्सव होतो आणि त्यात रंग खेळायला हजारोंनी येतात ती बहुतेक मॉर्मन पोरं. कारण उघड आहे. या उत्सवात दारू नाही, मांस नाही, आणि ह्या पोरांनाही दारू वर्ज्य. पक्षाच्या दृष्टीनं हा सगळा मुलूख पक्का रिपब्लिकन. पण देवळाच्या ओट्यावर बसल्यावर मनात आलं, की एखाद्या मुलखाला एकच रंग देऊन मोकळं होणं हे टीव्हीवरच्या नकाशाचं काम. जवळ गेलं की वेगळं दिसतं.

आधी शत्रू, मग सोयरे

इतिहास वाचला तेव्हा तर मी चाटच पडले. मला वाटलं होतं, मॉर्मन आणि रिपब्लिकन ही जोडी पहिल्यापासूनची असणार. छे! रिपब्लिकन पक्षाची पहिली राष्ट्रीय निवडणूक १८५६ची. त्या वेळच्या त्यांच्या जाहीरनाम्यात दोन रानटी प्रथा मोडून काढू असं म्हटलं होतं. एक गुलामगिरी आणि दुसरी बहुपत्नीत्व. हा दुसरा नेम थेट मॉर्मन लोकांवर होता, कारण तेव्हा त्यांच्यात बहुपत्नीत्वाची चाल होती.

मुळात ही माणसं या वाळवंटात आली तीच छळामुळे. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ १८४४ साली स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. त्याच वर्षी २७ जूनला इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावानं त्यांना गोळ्या घालून ठार केलं. मग ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग ही माणसं पश्चिमेला निघाली आणि २४ जुलै १८४७ या दिवशी यंग या खोऱ्यात पोचले. आजही त्या दिवशी युटात सार्वजनिक सुट्टी असते. मंदिराचं काम १८५३ला सुरू झालं आणि पुरं व्हायला चाळीस वर्षं लागली. मी गेले तेव्हा भूकंपापासून बळकटी देण्याचं काम चालू असल्यानं मंदिर पराती-क्रेनांच्या वेढ्यात होतं.

बहुपत्नीत्वाविरुद्ध वॉशिंग्टनहून एकामागून एक कायदे आले. १८८७च्या कायद्यानं तर पंथाची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद केली आणि युटातल्या बायकांना १८७०पासून असलेला मताचा हक्कही काढून घेतला. अखेर १८९०ला पंथाच्या प्रमुखांनी नवी बहुपत्नी लग्नं थांबवल्याचं जाहीर केलं. पण राज्याचा दर्जा मिळायला अजून एक अडचण होती. तोवर तिथं मॉर्मनांचा एक स्थानिक पक्ष आणि मॉर्मनेतरांचा दुसरा, अशी सरळ धर्मावर फाळणी होती. मग १८९१ला मॉर्मनांनी आपला पक्ष मोडला आणि देशातल्या दोन मोठ्या पक्षांत वाटून जायचं ठरलं. छळ आठवून सगळे डेमोक्रॅटच व्हायला लागले, तेव्हा बिशपनी चर्चमधल्या मधल्या वाटेच्या एका बाजूच्यांना रिपब्लिकन आणि दुसऱ्या बाजूच्यांना डेमोक्रॅट व्हायला सांगितलं, अशी गोष्ट युटातल्या घराघरांत हसत हसत सांगतात.

१८९६ला युटा राज्य झालं आणि बायकांना मत परत मिळालं. त्याच वर्षीच्या निवडणुकीतली एक हकिकत आमच्या महिला मंडळात सांगावी अशी आहे. मार्था ह्यूज कॅनन या डॉक्टर बाई राज्याच्या सिनेटला डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभ्या राहिल्या. रिपब्लिकन उमेदवारांत त्यांचे स्वतःचे यजमान होते! बाई निवडून आल्या आणि यजमान पडले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटमधली ही पहिली स्त्री. २०२४मध्ये त्यांचा पुतळा वॉशिंग्टनच्या संसद भवनात बसवण्यात आला. एका घरात दोन पक्ष, हे काही आजचं नाही, बरं का.

त्या वर्षी युटानं राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक ब्रायन यांना तब्बल ८३ टक्क्यांच्या आसपास मतं दिली, कारण चांदीच्या खाणींचा प्रश्न होता आणि ब्रायन चांदीच्या बाजूचे. चारच वर्षांत, १९००ला, राज्य रिपब्लिकनांकडे गेलं. १९१२ला टाफ्ट सगळ्या देशात हरले, दोनच राज्यं त्यांच्यामागे राहिली. त्यातलं एक युटा. मग मंदी आली आणि १९३२पासून चारही वेळा युटानं रूझवेल्टना कौल दिला. १९३६ला पंथाच्या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर रूझवेल्टविरोधी सूर लावला होता आणि पंथप्रमुखही त्यांच्या विरोधात होते. तरी रूझवेल्टना सुमारे ६९ टक्के मतं पडली! वरून सांगितलं की खालचे ऐकतातच, असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

स्वयंपाकघरातला फोटो

हा सगळा इतिहास मी आजोबांना ऐकवला, तर ते हसले. म्हणाले, ‘‘पुस्तकात कशाला शोधता? आमच्या स्वयंपाकघरातच होता तो. एका भिंतीवर आमच्या पंथप्रमुखांचा फोटो आणि त्याच्या शेजारी रूझवेल्ट. माझे वडील म्हणायचे, एकानं आत्मा वाचवला आणि दुसऱ्यानं पोट.’’

आजोबांचं पहिलं मत १९६८चं, निक्सनना. तेव्हापासून ते रिपब्लिकन. तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १९७३ला गर्भपाताबद्दलचा न्यायालयाचा निकाल आला. स्त्री-पुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीला १९७६ला पंथानं उघड विरोध केला. पंथाचे ज्येष्ठ नेते एझ्रा टाफ्ट बेन्सन तर त्याआधी १९५३ ते १९६१ आयझेनहॉवर यांचे शेतीमंत्री होते. कुटुंब, चर्च, मुलांचं वळण या सगळ्याची काळजी करणारा पक्ष हाच, असं हळूहळू मनात पक्कं होत गेलं. आजोबांच्या शब्दांत, ‘‘वडिलांना कामाची भीती होती, मला घराची. ज्यानं आमची भीती ओळखली, त्याला आम्ही मत दिलं.’’

मी शाळामास्तरीण, मला हे वाक्य वहीत लिहून घ्यावंसं वाटलं.

मग मी विचारलं, तुमच्या पंथाचे रॉम्नी उभे राहिले तेव्हा तर राज्यात लाटच आली असेल? आकडे पाहिले तर फारसं तसं नाही. २००४ला जॉर्ज बुश यांना युटात सुमारे ७१.५ टक्के मतं होती. बुश मेथडिस्ट. २०१२ला रॉम्नींना ७२.८. आपल्या घरचा माणूस उभा राहिला म्हणून वाढ झाली ती टक्का-सव्वा टक्क्याची. कारण बाकीचे आधीच त्या पक्षात होते.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. अनेक इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट मंडळी मॉर्मनांना ख्रिस्तीच मानत नाहीत. रॉम्नी उमेदवार झाले तेव्हा ती काय करतील, अशी चर्चा होती. ऑक्टोबर २०१२मध्ये रॉम्नी विख्यात धर्मप्रवचनकार बिली ग्रॅहम यांना भेटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्रॅहम यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर मॉर्मन पंथाला पाखंडी संप्रदायांच्या यादीत टाकणारा मजकूर होता, तो काढला गेला. त्या मंडळींनी रॉम्नींना भरभरून मतं दिली. पक्ष एक असला, की धर्मातलं अंतर मिटवायला माणसं वाट काढतात.

१९६०ला असं नव्हतं. जॉन केनेडी कॅथलिक म्हणून प्रोटेस्टंट लोकांत धास्ती होती. सप्टेंबरात ह्यूस्टनला जाऊन प्रोटेस्टंट धर्मगुरूंपुढे त्यांना सांगावं लागलं, की राज्यकारभारात मी पोपची आज्ञा घेणार नाही. कॅथलिक मतदार मात्र मोठ्या बहुमतानं त्यांच्यामागे उभे राहिले. आणि २००४? जॉन केरी कॅथलिक, बुश प्रोटेस्टंट, तरी कॅथलिक मतांत बुश पुढे. चव्वेचाळीस वर्षांत ‘आपल्या धर्माचा माणूस’ मागे पडला आणि ‘आपल्या पक्षाचा माणूस’ पुढे आला. रविवारी नियमित चर्चला जाणारे एकीकडे आणि न जाणारे दुसरीकडे, अशी नवी वाटणी झाली, मग चर्च कुठलंही असो.

एकाच शिकवणीची दोन मतं

२०१६ला मात्र युटाची परीक्षा झाली. डोनाल्ड ट्रम्प यांची भाषा आणि वागणूक पुष्कळ मॉर्मनांना पटेना. पंथाच्या मालकीच्या ‘डेझरेट न्यूज’ या वर्तमानपत्रानं ऑक्टोबरात अग्रलेख लिहून त्यांनी उमेदवारी सोडावी असं म्हटलं. अशा वेळी एव्हन मॅकमलिन नावाचे, प्रोव्होत जन्मलेले मॉर्मन गृहस्थ अपक्ष उभे राहिले. देशात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. युटात त्यांना साडेएकवीस टक्के मतं मिळाली! ट्रम्प साडेपंचेचाळीस टक्क्यांवर जिंकले. राज्य गेलं नाही, पण भिंतीला तडा गेला. २०२०ला ट्रम्प ५८ टक्क्यांवर आणि २०२४ला ५९ टक्क्यांवर आले. गेलेले बरेचसे परतले.

आजोबाही त्यांतलेच. २०१६ला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पक्ष सोडला आणि २०२०ला परत आले. ‘‘माणूस आवडला म्हणून नव्हे,’’ ते म्हणाले, ‘‘दुसरीकडे जाऊन राहावं असं घर मला सापडलं नाही.’’

त्यांची नात मात्र परतली नाही. ती शहरात परिचारिका आहे. पंथाच्या पद्धतीप्रमाणे ती दीड वर्ष धर्मसेवेला गेली होती, टेक्सासच्या सीमेकडे. स्पॅनिश शिकली, स्थलांतरितांच्या घरी जेवली, त्यांच्या मुलांना शिकवलं. त्या माणसांबद्दल पुढारी जे बोलत होते ते ऐकून तिनं २०२०ला बायडेनना मत दिलं. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यावरून शब्दाला शब्द लागला. आजोबा म्हणाले, तू आपल्या शिकवणीला पाठ दाखवलीस. ती म्हणाली, मी शिकवणीमुळेच तसं केलं. त्यानंतर चार वर्षं ती रविवारच्या जेवणाला आली नाही. नाताळला, वाढदिवसाला यायची, भेटवस्तू ठेवून निघायची. हे सगळं मला आजींनी सांगितलं. ‘‘दोघंही देवाचंच नाव घेतात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी कुणाला चूक म्हणू?’’ सांगताना त्या टेबलाच्या एका खुर्चीवरून हात फिरवत होत्या. ती खुर्ची कुणाची, ते मला विचारावं लागलं नाही.

ऑक्टोबरात टपालानं मतपत्रिका घरी आल्या. युटात निवडणुकीच्या तीनेक आठवडे आधी त्या येतात, घरी बसून भरायच्या, पाकिटावर सही करायची आणि टपालात किंवा ठरलेल्या पेटीत टाकायच्या. पूर्वी पत्रिकेवर एक सोय होती. पक्षाच्या नावापुढे एकच खूण केली, की राष्ट्राध्यक्षापासून परगण्याच्या अधिकाऱ्यापर्यंत त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत! २०२०ला ती सोय राज्यानं काढून टाकली. आणि २०२३च्या जूनमध्ये पंथाच्या प्रमुखांचं जे पत्र वॉर्डांत वाचलं गेलं, त्यात नेहमीच्या मजकुराबरोबर एक नवं वाक्य होतं. उमेदवारांचा नीट अभ्यास न करता परंपरेनं, डोळे झाकून एकाच पक्षाला मत देणं हे लोकशाहीला धोक्याचं आहे, असा त्याचा आशय.

आजोबांनी ते पत्र घडी करून आपल्या धर्मग्रंथात ठेवलं होतं. मला काढून दाखवलं. ‘‘पन्नास वर्षं मी एकच खूण करत आलो,’’ ते म्हणाले. ‘‘आता एकेक नाव वाचावं लागतं. शाळा मंडळाची माणसं कोण, हे न्यायाधीश कोण, मला काय ठाऊक?’’ युटात न्यायाधीशांना पदावर ठेवायचं की नाही, हेही मतदार ठरवतात. आणि या सगळ्याचा अभ्यास त्यांच्या घरात एकच माणूस करायचं, ती नात.

दोन दिवस ती पत्रिका टेबलावर पडून होती. तिसऱ्या दिवशी आजोबांनी फोन उचलला. ‘‘न्यायाधीशांबद्दल विचारायचं होतं,’’ एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी ती आली, स्वतःची मतपत्रिका घेऊन. मला आजींनी मुद्दाम बोलावलं होतं, मध्ये कुणी परकं माणूस असलं की घरचे जपून बोलतात म्हणून असेल. दोघं शेजारी शेजारी बसले आणि पत्रिका खालून वर भरत गेले. न्यायाधीश, शाळा मंडळ, परगणा. एका नावावर वाद झाला, दोन नावांवर एकमत झालं. वरची, राष्ट्राध्यक्षाची जागा आली तेव्हा आजोबांनी पत्रिका उलटी ठेवली आणि म्हणाले, ‘‘आता जेवू या.’’ तिनंही विचारलं नाही. आजींनी त्या खुर्चीपुढे ताट मांडलं.

५ नोव्हेंबरला निकाल लागला. त्यानंतरच्या रविवारी नात आली नाही. आजींनी ताट मात्र मांडलं होतं. आजोबांनी काही विचारलं नाही. थँक्सगिव्हिंगला ती आली, भोपळ्याचा पाय करून घेऊन. येताना आजोबांना एक कागद दिला. राज्याच्या विधिमंडळात येऊ घातलेल्या एका विधेयकावर तिनं टिपणं काढली होती. आजोबांनी चष्मा लावून तिथंच वाचायला घेतली. पहिल्याच ओळीवर त्यांचं ‘‘हे मला पटत नाही’’ सुरू झालं आणि तिनं खुर्ची ओढून घेतली.